पाच ताऱ्यांची भीड

१९८९ साली नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या सध्याच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. बदलून आलेलं कुटुंब क्वार्टरमध्ये सामान लावता लावताच शेजारी विचारायचं : किराणा कुठून भरता, डॉक्टर कोणता बरा? उत्तर हळू आवाजात मिळायचं, पण खरं मिळायचं. सांगणाऱ्याला त्याच माणसाला रोज तोंड दाखवायचं असे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, नेट स्वस्त झालं आणि हेच प्रश्न लोक फोनला विचारू लागले. गावातल्या दुकानांनाही नकाशावर तारे आले; जिथं बघावं तिथं पाच. दुकानदार ओळखीचा, त्याची पोरगी आपल्या पोरीच्या वर्गात. नाव-फोटोसकट तीन तारे देणं म्हणजे चारचौघांत नाव ठेवणं. पार्सल आणणारा पोरगा दारात थांबून ‘दादा, फाइव्ह स्टार द्या न’ म्हणतो, तेव्हा त्याच्या रोजीवर घाला घालायचं कोणाच्या जिवावर येणार नाही? ही भीड मला माणुसकीचीच वाटते. पण नवख्याला त्या पाचांतून काहीच कळत नाही.

राग आला की दुसरं टोक. एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखानं भारताला गरीब म्हटल्याची बातमी पसरली आणि लोकांनी एकेक तारा दिला तो स्नॅपडील या ऑनलाइन खरेदीच्या कंपनीलाही, जिचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. मे २०२० मध्ये टिकटॉकवाल्यांचा यूट्यूबवाल्यांशी वाद पेटला आणि टिकटॉकचं मानांकन चारच्या वरून थेट दीडच्या खाली आलं. मग गुगलनं लाखो अभिप्राय काढले आणि आकडा पुन्हा वर गेला. या सगळ्यात ॲप होतं तसंच होतं.

जपानमध्ये या दोन्ही टोकांच्या उलट. तिथल्या ताबेलॉग या हॉटेलांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर पाचपैकी साडेतीन गुण मिळवणारं हॉटेल उत्तम समजतात. १९९५ च्या एका अभ्यासात जपानी आणि तैवानी विद्यार्थी मोजपट्टीच्या मध्यावर जास्त खुणा करताना दिसले, अमेरिकी विद्यार्थी टोकांवर.

एवढं लांब जायलाही नको. वीज केंद्र आणि कोळशाच्या खाणींमुळे खापरखेड्यात कुठकुठची माणसं येतात. सावजीचं एकच ताट. बाहेरचा तिखटानं घाम फुटला म्हणून दोन तारे देतो. नागपूरकर तर्री पूर्वीसारखी झणझणीत नाही म्हणून एक तारा कापतो. दोघंही खरं बोलतात. त्यांची सरासरी मात्र कोणाच्याच जिभेची नसते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. विकत घेतलेले अभिप्राय त्यात बसत नाहीत. मानक तेव्हा ऐच्छिक ठेवलं होतं, तरी पाऊल चांगलंच. पण भिडेचं काय? तिथं ग्राहक खरा, बिल खरं, जेवणही खरं.

म्हणून आता मी आकडा सोडून मजकूर वाचतो. ‘मस्त’, ‘बेकार’ ओलांडून पुढं जातो. रविवारी मटण दुपारीच संपतं, रस्सा दुसऱ्यांदा मागितला तर पैसे लावतात, लेकरांसाठी कमी तिखट करून मिळत नाही, असं कोणी लिहिलं असेल, तर तो कुठला आणि त्यानं किती तारे दिले, हे बघायची मला गरज पडत नाही.