टॉवरची दवंडी

२०२३ मध्ये दूरसंचार विभागाच्या संकट-इशाऱ्याच्या चाचणी-संदेशाने फोन एकाएकी कर्कश वाजू लागले, तेव्हा अनेकांना वाटले, आपला नंबर आणि ठावठिकाणा कुणीतरी टिपतो आहे. तसे नसते. असा इशारा ज्यातून येतो ते सेल ब्रॉडकास्ट (टॉवरच्या टप्प्यातील सर्व फोनना एकदम जाणारा संदेश) दवंडीसारखे चालते. दवंडीवाला चौकात ओरडतो. कोणी ऐकले याची यादी ठेवत नाही. एसएमएस एकेका नंबरला जातो, म्हणून संकटकाळच्या गर्दीत रखडतो. सेल ब्रॉडकास्टला नंबरही लागत नाही, इंटरनेटही नाही. टॉवरच बंद पडला तर मात्र इलाज नाही. म्हणून पूररेषेतल्या गावांनी भोंगा मोडीत काढू नये, हे माझे मत. बंद किंवा फ्लाइट मोडवरच्या फोनलाही इशारा मिळत नाही.