केजीएफ: सोनं नेमकं काढलं कुणी?

शाळेत आपण 'कोलार म्हणजे सोनं' असं घोकलं, पुढे 'केजीएफ' सिनेमाही पाहिला. पण कर्नाटकातल्या या खाणींमधून सोनं काढलं कुणी?

१८८० पासून ब्रिटनच्या जॉन टेलर अँड सन्स कंपनीने इथे कारभार पाहिला. शिवनसमुद्रची वीज खाणींना १९०२ मध्येच मिळाली, बंगळुरूला १९०५ मध्ये. मजूर मात्र झोपड्यांत राहत. त्यांत बहुतेक जण तमिळ दलित होते. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. खाली प्रचंड उकाडा. अचानक खडक फुटून जीव जायचे, तर दगडाची धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस व्हायचा.

१९५६ मध्ये खाणी सरकारी झाल्या, २००१ मध्ये बंद पडल्या. सोनं बाहेर गेलं. मागे उरले सायनाइडयुक्त मातीचे ढिगारे आणि कामगारांच्या वसाहती.