भुताची गाडी आणि न मिटलेला हिशोब

आजचा विषय वाचून काही जणांनी आम्हाला विचारलं, "व्याख्यानमालेत कॉमिक्स? आणि तेही भुताचं?" तर हो. आज आपण एका ठरावीक प्रकारच्या कॉमिक्सच्या अंकाबद्दल बोलणार आहोत. भुतं पकडणारी मंडळी आणि झपाटलेली आगगाडी. बोलत बोलत आपण आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या रुळांपर्यंत येऊ. तो भाग हलकाफुलका नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

असा अंक कसा असतो, ते आधी बघू. मुखपृष्ठावर रात्र, धुकं, इंजिनाचा एकच दिवा आणि ड्रायव्हरच्या जागी कोणीच नाही. पहिल्या एक-दोन पानांत कुणीतरी वेळापत्रकात नसलेली गाडी बघतो. मग भूतशिकारी येतात. त्यांच्याकडे टकटकणारी, लुकलुकणारी यंत्रं असतात. मधल्या पानांत ती यंत्रं हमखास फसतात. मग त्यांच्यातला एक जण जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगात डोकं घालतो आणि त्याला सापडतं की याच जागी, याच तारखेला एक अपघात झाला होता. शेवटच्या पानांत त्या अपघातातलं राहून गेलेलं काहीतरी पुरं केलं जातं, आणि गाडी दिसायची थांबते.

लक्षात घ्या, भूत यंत्रानं जात नाही. जुन्या वर्तमानपत्राचं ते पान सापडल्यावर जातं. मुलं पटापट उलटतात ते हे पान. पण सगळी गोष्ट त्याच्यावर उभी असते.

आपल्याकडची भुतंसुद्धा तशीच आहेत. मुंजा कोण? मुंज झाली, पण लग्न व्हायच्या आत गेलेला मुलगा. अळवंत कोण? बाळंतपणात गेलेली बाई. प्रत्येकाच्या मागे अर्धवट राहिलेलं काहीतरी आहे. फरक एवढाच की आपला मुंजा पिंपळावर बसून राहतो आणि चकवा शेताच्या वाटेवर भेटतो. आगगाडीचं भूत मात्र एका माणसाचं नसतं. अपघातात सगळा डबा सापडतो, आणि मग प्रश्न येतो की चूक कुणाची? त्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं नाही, की लोक आपलं उत्तर तयार करतात. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे की भुताची गाडी म्हणजे हिशोब न मिटलेला अपघात.

याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतलं आहे. 'घोस्टबस्टर्स' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 1984 चा सिनेमा, मग कार्टून मालिका, मग कॉमिक्स. 1989 च्या दुसऱ्या सिनेमात एक भुताची गाडी बोगद्यात एका शिकाऱ्याच्या अंगातून आरपार जाते. कार्टून मालिकेच्या एका भागात तर भूत आहे ते केसी जोन्सचं. हा केसी जोन्स खराखुरा माणूस होता, रेल्वेचा ड्रायव्हर. 30 एप्रिल 1900 च्या पहाटे मिसिसिपी राज्यात वॉन नावाच्या स्टेशनजवळ तो गेला. तासाभराहून जास्त उशिरा सुटलेली गाडी त्यानं जवळपास वेळेवर आणली होती. पुढे एका मालगाडीचे शेवटचे डबे मुख्य लाइनवरच होते. त्यानं फायरमनला उडी मारायला सांगितली आणि स्वतः ब्रेक धरून थांबला. गाडीचा वेग बराच कमी झाला. त्या टकरीत मेला तो एकटा.

आता इथे दोन हिशोब झाले. कंपनीच्या अहवालानं दोष केसीवर ठेवला, त्यानं धोक्याची खूण जुमानली नाही म्हणून. फायरमन सिम वेब मात्र नंतरही सांगत राहिला की तशी खूण त्यांना दिसली नाही, ऐकूही आली नाही. लोकांनी गाणी रचून केसीला वीर केलं. एका बाजूला दोषी, दुसऱ्या बाजूला वीर. असा माणूस भूत होणार नाही तर काय! म्हणूनच त्या कार्टूनमध्ये शिकारी त्याला पेटीत कोंडत नाहीत. राहिलेलं काम, म्हणजे टक्कर टाळणं, या वेळी त्याच्या हातून पुरं होतं.

आता आपल्याकडे येऊ. इथे बसलेल्यांपैकी ज्यांचे केस पांढरे झालेत, त्यांनी इंद्रजाल कॉमिक्स वाचली असतील. 1964 मध्ये सुरू झालेली ही मालिका मराठीतही निघायची. त्यातला सगळ्यांचा लाडका कोण? वेताळ! मुळात इंग्रजीतला फँटम. मराठीत येताना त्याला थेट आपल्या भुताचं नाव मिळालं. गंमत अशी की या कॉमिक्समध्ये वाचकाला पहिल्यापासून माहीत असतं की वेताळ भूत नाही. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, आणि जंगलाला वाटतं की हा अमर आहे. आठ-दहा वर्षांचं पोरसुद्धा मुखवट्याच्या आत बघत असतं. म्हणजे या कॉमिक्सनं भुताची भीती वाढवली नाही. भीती कशी तयार होते, ते आपल्याला आतून दाखवलं.

मग खऱ्या आयुष्यात असे भूतशिकारी आणि अशी झपाटलेली रेल्वे आहे का? आहे. पश्चिम बंगालमध्ये पुरुलिया जिल्ह्यात बेगुनकोदर नावाचं छोटं स्टेशन आहे. पांढऱ्या साडीतली बाई रुळांवर दिसते, अशी बोलवा झाली. स्टेशन मास्तर तिला बघूनच गेले, असंही लोक सांगू लागले. 1967 मध्ये स्टेशन बंद झालं. पुन्हा उघडलं ते 2009 मध्ये. 42 वर्षं! आपल्या गावच्या स्टेशनवर 42 वर्षं गाडी थांबली नाही, तर कॉलेजला जाणारी पोरं, दवाखान्यात नेायचा पेशंट, बाजाराला निघालेली बाई यांचं काय होतं, ते खान्देशात वेगळं सांगायला नको. पाचोरा-जामनेरची आपली पीजे 2020 पासून बंद आहे. तिथे भुताचा काही संबंध नाही, पण गाडी नसणं म्हणजे काय ते त्या पट्ट्यातल्या लोकांना विचारा.

स्टेशन उघडल्यावरही अंधार पडला की तिथे कोणी थांबेना. 2017 च्या डिसेंबरात तिथल्या विज्ञान कार्यकर्त्यांनी टॉर्च, कॅमेरे घेऊन एक रात्र त्या स्टेशनवर काढली. भूत आलं नाही. आली ती झुडपांमागून आवाज काढून घाबरवू पाहणारी माणसं. महाराष्ट्रातही अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अनेक वर्षं हेच काम करत आले आहेत. घरावर दगड पडतात, कपडे आपोआप पेटतात, अशी भानामतीची तक्रार आली की जायचं, घरातल्या प्रत्येकाशी शांतपणे बोलायचं, आणि शोधायचं की यामागे कुणाचं दुःख आहे.

रुळांजवळ राहणाऱ्यांना रात्री आवाज येतात, ते मात्र खोटं नसतं. खान्देशातली हिवाळ्याची रात्र आठवा. जमिनीलगतची हवा गार, वरची त्यापेक्षा ऊबदार. अशा वेळी वर जाणारा आवाज वाकून खाली येतो आणि दिवसा ऐकू न येणारी लांबची गाडी अंगणात आल्यासारखी वाटते. दिवसभर तापलेले रूळ गार होताना आकसतात, कडकड वाजतात. आवाज खराच असतो. त्याला आपण जी गोष्ट जोडतो, तिथे तपासायला हवं.

आता परधाडे.

22 जानेवारी 2025. रात्र नव्हती, धुकं नव्हतं. संध्याकाळी पाचच्या सुमाराची वेळ, चांगला उजेड. लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्सप्रेस जळगाव सोडून पाचोऱ्याकडे चालली होती. माहेजी आणि परधाडे या स्टेशनांच्या मधे एका डब्यात ओरडा झाला, आग लागली! साखळी ओढली गेली, गाडी थांबली. लोक खाली उतरले, काही जण शेजारच्या रुळांवर. त्याच रुळांवरून समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान 12 माणसं गेली. पोट भरायला मुंबईला निघालेली, जनरल डब्यातली माणसं.

आग लागलेलीच नव्हती.

रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी त्या वेळी शक्यता सांगितली ती चाकाजवळच्या ठिणग्यांची किंवा धुराची. ब्रेक लावल्यावर तो पूर्ण सुटला नाही, तर चाकाला घासत राहतो, तापतो, जळका वास येतो, ठिणग्या उडतात. डब्यातल्या माणसाला दिसतो तो धूर. त्याला कोण सांगणार की हा ब्रेकचा आहे? आणि शंभरच्या वेगानं येणारी गाडी ब्रेक लावला तरी थांबायला जवळपास किलोमीटरभर रूळ घेते. त्यात वळण असेल तर पुढचं आणखी उशिरा दिसतं.

आता आमची भीती सांगतो. आणखी वीस वर्षांनी त्या जागी संध्याकाळी किंकाळ्या ऐकू येतात, असं कुणीतरी सांगायला लागेल. आम्हाला ते नको आहे. ती माणसं भुतं म्हणून नको, माणसं म्हणूनच आठवायला हवीत. त्यासाठी त्यांचा हिशोब आताच नीट व्हायला हवा. केसी जोन्सचा न्याय त्याच्याच कंपनीनं केला. आपल्याकडे गंभीर अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, ते यासाठीच. अशा चौकशीत काय निघालं, ते लोकांपर्यंत त्यांच्या भाषेत पोचलं पाहिजे. ते कॉमिक्समधलं जुन्या वर्तमानपत्राचं पान आहे ना, ते हेच.

धुळ्याकडचंही एक सांगायला हवं. 1 जुलै 2018, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली. भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. तिथेही टोळी नव्हती. परधाड्याला लोक भीतीपासून पळाले, राईनपाड्याला भीतीवर धावून गेले. दोन्हीकडे "तू स्वतः बघितलंस का?" हे विचारायला कुणी थांबलं नाही. आपल्याकडे काही घडलं की पहिला प्रश्न असतो, "काय व्हयनं भो?" तो चांगलाच आहे. त्याला आणखी एक जोडू या, "तुला कोणी सांगितलं?" भूतशिकाऱ्याचं खरं यंत्र हे आहे, आणि त्याला बॅटरी लागत नाही.

व्याख्यान संपल्यावर एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, हे इथे बसून ठीक आहे. पण खच्चून भरलेल्या डब्यात कोणी 'आग' म्हणून ओरडलं, तर आम्ही काय करायचं?"

प्रश्न रास्त आहे. त्या डब्यातल्या लोकांचं चुकलं, असं आम्ही म्हणत नाही. तिथे आपण असतो तर आपणही पळालो असतो. म्हणून हे आधीच ठरवून ठेवायचं. ज्वाळा दिसतेय का, कुठून धूर येतोय, बघायचं. शेजारच्या डब्यात जाता येत असेल तर तिकडे जायचं. उतरावंच लागलं तर आधी दोन्ही दारांतून बघायचं की दुसरे रूळ कुठल्या बाजूला आहेत, आणि उतरायचं त्याच्या उलट बाजूला. उतरल्यावर रुळांवर, खडीवर रेंगाळायचं नाही, लांब शेताकडे सरकायचं. 139 वर फोन करायचा. आणि आपण ज्या बाजूला उतरलो, ती बाजू ओरडून मागच्यांना सांगायची. अफवा ओरडून पसरते, तशी ही गोष्टही पसरू शकते.