दप्तराची लिपी, गावाची बोली

हैदराबाद संस्थानात 1884 मध्ये फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तिलाच उच्च शिक्षणाचे माध्यम केले. देशी भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो प्रयोग एरवी गौरवास्पदच होता. परंतु ती भाषा संस्थानातील बहुसंख्यांची नव्हती, आणि नांदेडच्या किंवा तेव्हा बिदर जिल्ह्यात असलेल्या उदगीर-निलंग्याच्या मराठी शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद स्वतः वाचता येत नसल्याने, आपला हक्क नेमका किती, हे तो पटवाऱ्याच्या तोंडूनच जाणून घेई. 1937 मध्ये परतूरला भरलेल्या महाराष्ट्र परिषदेपासून मराठी भाषकांच्या संघटित राजकारणाला जो आकार आला, त्यामागे ही परावलंबनाची जाणीव होती.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाची सत्ता संपली, त्यानंतर दप्तर हळूहळू मराठीत आले. हा बदल न्याय्यच होता, मात्र त्याने गाठ उलट बाजूने बसली, कारण नव्या पिढीला उर्दू लिपी येईनाशी झाली आणि आजोबांचे कागद नातवाला परके झाले.

असा एखादा कागद वाचताना अडचण केवळ अक्षरओळखीची नसते. त्यावरचे वर्ष फसली असते, म्हणजे महसुली कालगणनेचे, ज्यात ढोबळमानाने 590 मिळवले की इसवी सन येते. रकमा अनेकदा सियाक पद्धतीत, म्हणजे अरबी संख्यावाचक शब्दांच्या आखूड खुणांनी मांडलेल्या असतात. घाईच्या शिकस्ता वळणात नुक्ते गळालेले असतात. त्यातच उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत आणि ‘ळ’ला स्वतंत्र अक्षर नाही, त्यामुळे ‘काळे’ आणि ‘काले’ ही आडनावे कागदावर एकसारखीच उमटतात.

मराठा आरक्षणाच्या मागणीतून मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांची निकड एकाएकी सर्वांना कळली. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा येथे विषय नाही. पण पुरावा वाचण्याची क्षमता हीदेखील सार्वजनिक सोय आहे, एवढे त्या शोधाने दाखवून दिले. शिवाय निव्वळ उर्दू येऊन भागत नाही, कारण ‘काळे’ की ‘काले’ हे ठरवायला त्या गावातली घराणी आणि वाड्या ठाऊक असाव्या लागतात. दप्तरात उर्दू लिहिणारी आणि घरी मराठी बोलणारी अशी माणसे निजामी शाळांनी, बहुधा त्यांच्या मनात नसताना, बरीच घडवली होती. त्यानंतरच्या शाळांच्या अभ्यासक्रमात त्या जोडविद्येला जागा उरली नाही.