जलाशयाकाठचा फुलोरा

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास करमाळा व माढा तालुक्यांत बांधांवरच्या निष्पर्ण फांद्यांना फिकट गुलाबी तुरे लगडलेले दिसतात. जपानी चेरी केवळ चित्रात पाहिलेल्या पाहुण्यास ती चेरीच वाटते. वस्तुतः ते गिरिपुष्प होय. गावकरी त्यास उंदीरमारी म्हणतात. मूळच्या मध्य अमेरिकेतील या शेंगवर्गीय झाडाचे चेरीशी काही नाते नाही. खरी चेरी फुलण्यास हिवाळ्यात शेकडो तास कडाक्याची थंडी लागते. सोलापूरकडे पारा इतका वेळ खाली राहत नाही.

तरीही चेरीचा इतिहास धरणकाठच्या गावांनी जाणून घ्यावा असा आहे, कारण तो बव्हंशी पाणकाठाचाच इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात योशिमुने या शोगुनाने आजच्या तोक्यो नगरीत सुमिदा नदीच्या बांधावर व आसुकायामा टेकडीवर चेरीची झाडे लावविली. सरदारांच्या वाड्यांतील हा फुलोरा त्यायोगे सामान्य जनांस खुला झाला. बघ्यांच्या वर्दळीने बांधाची माती दाबून घट्ट व्हावी, हाही हेतू होता असे सांगतात. पुढे १९१२ साली तोक्यो शहराने वॉशिंग्टनला ३,०२० झाडे भेट दिली. १९१० साली पाठविलेली पहिली २,००० झाडे कीडग्रस्त निघाल्याने जाळावी लागली होती. दुसऱ्या खेपेची बरीचशी झाडे लावली गेली तीही मानवनिर्मित जलाशयाच्या काठीच.

आपल्या देशात धरण व उद्यान यांची सांगड कृष्णराजसागराच्या पायथ्याशी वृंदावन उद्यानाने घातली; हे काम १९२७ ते १९३२ या काळात झाले. त्याच धर्तीवर पैठणला नाथसागराच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान उभे राहिले. मात्र मध्यंतरी देखभालीअभावी त्याची रया गेली. कारंजी व हिरवळ यांवर उभारलेल्या उद्यानांना हा धोका नेहमीचाच.

उजनीची गोष्ट वेगळी आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या यशवंतसागरात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यासाठी केत्तूर, कुगाव, पळसदेव यांसारख्या भीमाकाठच्या गावांना आपली जुनी गावठाणे सोडावी लागली. खेड्याचे सार्वजनिक उद्यान म्हणजे वडा-पिंपळाचा पार आणि नदीचा घाट. ते पाण्याखाली गेले. घरांचा मोबदला रुपयांत मोजता आला, पाराच्या सावलीचा कोण मोजणार? नव्या गावठाणांना ती सावली पुन्हा वाढवावी लागते.

ती कोठे वाढवावी याला मर्यादा आहेत. धरणाच्या मातीच्या भरावावर झाडे लावणे सर्वथा वर्ज्य; मुळे कुजली की त्यांच्या पोकळीतून पाझर सुरू होतो. सुमिदाकाठचा कित्ता येथे गिरवता येणार नाही. उन्हाळ्यात उघडी पडणारी गाळपेर जमीनही उपयोगाची नाही, कारण पुढे तेथे महिनोन् महिने खोल पाणी असते. लागवड व्हावी ती पूर्ण संचय पातळीच्या वर, शाळा, चावडी, स्मशानभूमी व रस्ते यांच्या कडेने.

झाडांची निवड करताना पळसास अग्रमान द्यावा. काळ्या चिकण जमिनीत पावसाळ्याचे साचलेले पाणीही तो सोसतो आणि शिमग्याच्या सुमारास केशरी होतो. माळावर चैत्र-वैशाखात पिवळाधमक बहावा शोभतो. तामण हे आपले राज्यफूल, पण त्यास ओल हवी. म्हणून ते पाणवठ्याजवळच लावावे. गिरिपुष्प फांदी खोचली तरी जगते, त्याचा पाला उत्तम हिरवळीचे खत होय. बांध-कुंपणाला ते ठीक. पारावर मात्र त्याला बसवू नये. पारासाठी वड-पिंपळच हवेत.

रोपे आषाढात लागतात, मरतात ती पुढच्या वैशाखात. जलाशय नजरेसमोर असूनही उन्हाळ्यात पाणी दूर हटते, प्रसंगी मृतसाठ्यात उतरते. म्हणून रोपे मोजकीच घ्यावीत, प्रत्येकास काटेरी कुंपण करावे आणि किमान तीन उन्हाळे कोणत्या रोपास कोणी पाणी घालायचे, हे ग्रामसभेने खड्डे खणण्यापूर्वी नावानिशी ठरवावे.