तळवलीत घर घ्यावं का? स्टेशन एकच, मग घराघरांत लाखोंचा फरक कशामुळे?

ठाण्याहून वाशीच्या लोकलमध्ये बसलात की दिघा गाव, ऐरोली, रबाळे आणि मग घणसोली. रबाळे आणि घणसोलीच्या मधल्या पट्ट्यात तळवली आहे. एका बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्यापलीकडे एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला घणसोली नोडचे सेक्टर आणि त्यापुढे खाडी. मधोमध जुनं गावठाण.

इथे घर शोधायला आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट खटकते. एजंट सकाळी सेक्टरमधल्या टॉवरमध्ये वन बीएचके दाखवतो आणि आकडा ऐकून घाम फुटतो. दुपारी तोच एजंट दहा मिनिटांवरच्या गावठाणातल्या इमारतीत तेवढ्याच आकाराचं घर दाखवतो, किंमत निम्म्याच्या आसपास. स्टेशन, भाजी मार्केट आणि रिक्षा स्टँड दोन्ही घरांना तेच. मग एवढा फरक कशाचा? आणि महागड्या घराला तेवढे पैसे मोजावेत का?

ही जागा महाग झाली कशी?

नवी मुंबई वसवण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी ठरवली गेली. शेती, मिठागरं, खाजण अशी ही जमीन होती आणि आगरी-कोळी समाजाची वस्ती. ठाणे-बेलापूर पट्ट्यात तर एमआयडीसीचे कारखाने त्याआधीपासून यायला लागले होते.

सुरुवातीची अनेक वर्षं वाशी आणि नेरूळला जो भाव मिळाला, तो उत्तरेकडच्या या भागाला मिळाला नाही. रस्त्याच्या एका कडेला रासायनिक कारखाने, रेल्वेचा पत्ता नाही, ही इथली ओळख. चित्र बदललं ते टप्प्याटप्प्याने. १९९९ मध्ये ऐरोली पुलाने हा भाग थेट मुलुंडशी जोडला. ९ नोव्हेंबर २००४ पासून ट्रान्स हार्बर मार्गावर प्रवासी लोकल धावू लागली. त्यानंतर ऐरोलीत माइंडस्पेस आणि घणसोलीजवळ रिलायन्स कॉर्पोरेट पार्क अशी मोठी ऑफिसं आली. कारखान्यांच्या पट्ट्यात आयटीवाले उतरले आणि त्यांच्या मागोमाग भाडी चढली.

२०१८ मध्ये ठाणे-बेलापूर रस्त्यावर एमएमआरडीएने बांधलेला घणसोली-तळवली उड्डाणपूल सुरू झाला आणि नाक्यावरची कोंडी बरीच कमी झाली. पाम बीच मार्ग घणसोलीच्या पुढे ऐरोलीपर्यंत न्यायचा आहे. ऐरोलीहून पारसिकच्या डोंगरातून कटाई नाक्याकडे जाणारा रस्ताही होतोय. बिल्डरच्या माहितीपत्रकात हे सगळं 'येत्या काळात' या शब्दांखाली असतं. भाव मात्र आजच लावलेला असतो.

जास्त पैसे मोजून मिळतं काय?

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे वेळ. नोकरी ऐरोली, महापे, घणसोली किंवा ठाण्यात असेल तर रोजचा प्रवास मिनिटांत मोजता येतो. कल्याण-डोंबिवलीहून याच ऑफिसांत येणाऱ्यांना ठाण्याला गाडी बदलून गर्दीत उभं राहावं लागतं. रोज जाऊन-येऊन दीड तास वाचला आणि महिन्याला २४ दिवस ऑफिस धरलं, तर ३६ तास होतात. जवळजवळ चार कामाचे दिवस. लहान मूल किंवा म्हातारे आईवडील घरी असतील तर या तासांची किंमत पगाराच्या स्लिपवर दिसत नाही, पण घरात रोज जाणवते.

दुसरा फायदा शहराच्या रचनेचा. सेक्टरमध्ये रस्ते आखलेले आहेत, फूटपाथ आणि उद्यानं आहेत. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे. देशात असं भाग्य फार थोड्या महापालिकांना लाभलं आहे. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये इंदूर आणि सुरत संयुक्त पहिले आले, तेव्हा नवी मुंबई तिसरी होती.

तिसरा फायदा जोडणीचा. १५ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला आणि ऐरोली नाका त्यातलाच एक. म्हणजे कारने मुलुंड-भांडुपला जाणाऱ्याचा रोजचा खर्च थेट कमी झाला. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. पण विमानतळ उलवे-पनवेलच्या बाजूला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. 'विमानतळाजवळ' असं सांगून कोणी तळवलीतलं घर विकत असेल तर नकाशा उघडून अंतर बघा.

आणि तोटे?

नोकरी दक्षिण मुंबईत असेल तर वरचं वेळेचं गणित उलटं होतं. घणसोलीहून सीएसएमटीला थेट लोकल नाही. ठाण्याला किंवा वाशी-सानपाड्याकडे गाडी बदलावी लागते. बीकेसी किंवा अंधेरीला जाणाऱ्यालाही किमान एकदा गाडी बदलणं आलंच. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, पण त्याचं तोंड उलव्याजवळ चिर्ल्याकडे आहे आणि कारचा टोल सुरुवातीलाच एका खेपेला २५० रुपये ठेवला होता. तळवलीकराला तो रोजच्या वापराचा नाही.

दुसरी तक्रार हवेची. एमआयडीसी रस्त्यापलीकडेच आहे. रात्री आणि पहाटे रसायनांचा उग्र वास येतो, ही घणसोली-कोपरखैरणे पट्ट्यातली जुनी तक्रार. दमा असलेला माणूस घरात असेल तर घर बघायला रविवारी सकाळी अकराला जाऊ नका. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी रात्री दहानंतर जा आणि खिडकी उघडून उभे राहा.

तिसरी गोष्ट पाण्याची. धरण महापालिकेचं असलं तरी शहराच्या उत्तर भागात काही ठिकाणी एमआयडीसीकडूनही पाणी येतं. त्यामुळे दोन शेजारच्या इमारतींत पाण्याच्या वेळा वेगळ्या असू शकतात. एजंटला विचारू नका, वॉचमनला आणि इस्त्रीवाल्याला विचारा. टँकर किती वेळा येतो हे त्यांना तोंडपाठ असतं.

भाडं की हप्ता? एक साधा हिशोब

समजा, घराची किंमत १ कोटी रुपये आहे आणि त्याच इमारतीत तसंच घर महिना २८ हजार भाड्याने मिळतंय. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या घराचे आकडे घालून हाच हिशोब पुन्हा करा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ७५ लाखांपेक्षा जास्त कर्ज हवं असेल तर बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. म्हणून इथे कर्ज ७५ लाख धरू. व्याजदर साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ६५,१०० रुपये. वीस वर्षांत बँकेला जातात जवळपास १ कोटी ५६ लाख, त्यातलं व्याज ८१ लाखांहून जास्त.

आता खरी तुलना. बरेच जण २८ हजार भाडं आणि ६५ हजार हप्ता समोरासमोर ठेवतात आणि म्हणतात, 'भाडं वाया जातं, हप्ता तरी आपला.' पण पहिल्या हप्त्यातले ५३ हजारांहून जास्त रुपये निव्वळ व्याजाचे असतात. घराच्या नावे जमा होतात फक्त १२ हजारांच्या आसपास. म्हणजे 'वाया' जाणारा पैसा दोन्हीकडे आहे आणि सुरुवातीच्या वर्षांत तो हप्त्यात जास्त आहे. घराची किंमत त्या काळात चांगली वाढली तर हा तोटा भरून निघतो. नाही वाढली तर नाही.

शिवाय सुरुवातीला हातात लागणारी रक्कम २५ लाखांवर थांबत नाही. मुद्रांक शुल्क साधारण सहा ते सात टक्के (खरेदी महिलेच्या नावे असेल तर एक टक्का सवलत), नोंदणी फी ३० हजार, घराचं बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटी लागत नाही. वर एजंटची दलाली आणि फर्निचर. हे खर्च बँक सहसा कर्जात धरत नाही. मग पीएफ मोडणं, आईचे दागिने गहाण ठेवणं, ही वेळ नेमकी इथे येते.

ढोबळ नियम असा: पुढची सात-आठ वर्षं याच भागात राहायचं पक्कं असेल, हप्ता घरात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांच्या आत बसत असेल आणि घर घेतल्यावरही सहा महिन्यांचा खर्च बाजूला उरत असेल, तर खरेदीचा विचार करायला हरकत नाही. यातली एक अट जरी डळमळीत असेल तर भाड्याने राहण्यात कमीपणा नाही.

गावठाणातलं घर स्वस्त का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. हा फरक विटा-सिमेंटचा कमी आणि कागदाचा जास्त आहे.

सेक्टरमधल्या बहुतेक इमारती सिडकोने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेल्या भूखंडांवर आहेत. घर विकताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं. कटकट आहे, पण जमीन कोणाची आणि इमारतीला परवानगी कोणाची, हे कागदावर असतं. बँक कर्ज देते ती याच भरवशावर.

गावठाण आणि त्याच्या आसपासची गोष्ट वेगळी. शेतजमीन सिडकोने घेतली, पण घरातली माणसं वाढली तसं गावठाण वाढलं नाही. मुलांची लग्नं झाली, नातवंडं आली, तेव्हा लोकांनी आसपासच्या संपादित जमिनीवर परवानगीशिवाय घरं बांधली. यालाच 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. ती नियमित करण्याची मागणी कित्येक वर्षं सुरू आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये शासनाने गावठाणाच्या हद्दीपासून २५० मीटरच्या आतल्या अशा घरांबाबत निर्णयही काढला.

पण त्याच आडोशाने दुसरा धंदा उभा राहिला. बिल्डरने जागा घ्यायची, भराभर पाच-सात मजले चढवायचे आणि बाहेरून आलेल्या लोकांना घरं विकायची. भोगवटा प्रमाणपत्र नाही, महारेराचा नंबर नाही. बँकेचं कर्ज मिळत नाही म्हणून सगळा व्यवहार रोखीत आणि कुलमुखत्यारपत्रावर. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की निव्वळ कुलमुखत्यारपत्राने घराची मालकी मिळत नाही.

याचा शेवट कसा होतो ते बघायला लांब जायला नको. २०१५ मध्ये याच लोकल मार्गावरच्या दिघ्यात ९९ बेकायदा इमारतींवर कारवाई करण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिले. इमारती एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनींवर होत्या. काही पाडल्या गेल्या. बांधणारे पैसे घेऊन केव्हाच मोकळे झाले होते आणि रस्त्यावर उतरायची वेळ आली ती आयुष्याची कमाई घालून घर घेतलेल्या कुटुंबांवर. वीजमीटर, मालमत्ता कराची पावती आणि आधार कार्डावरचा पत्ता यांपैकी कशानेही इमारत कायदेशीर होत नाही, हे त्या वेळी अनेकांना पहिल्यांदा कळलं.

भाड्याने राहणाऱ्याचा धोका मात्र यापेक्षा बराच कमी आहे. वर्षभर पैसे साठवायचे असतील तर गावठाणातली खोली हा शहाणपणाचा पर्याय ठरू शकतो. फक्त भाडेकरार नोंदवून घ्या. महाराष्ट्रात तो नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. गल्लीत अग्निशमन दलाची गाडी शिरेल का, एवढंही बघून ठेवा.

ज्यांची जमीन होती, त्यांचं काय?

महागाईची ही बाजू फ्लॅटच्या जाहिरातीत कधीच येत नाही. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागात आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली.

ज्या कुटुंबांनी तो भूखंड राखला, त्यांची परिस्थिती पालटली. ज्यांनी गरजेपोटी लवकर विकला, त्यांच्या पुढच्या पिढीला आज आपल्याच गावाशेजारच्या सेक्टरमध्ये वन बीएचके घेणं परवडत नाही. नव्याने आलेल्याला गावठाण 'दाटीवाटीचं' दिसतं. ती दाटी कशी झाली, हे माहीत असलं तर शेजारधर्म निभावणं सोपं जातं.

टोकन देण्याआधी हे तपासा

• महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाका. ताबा कधीचा आणि किती वेळा पुढे ढकलला, ते तिथे दिसतं.

• बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. 'प्रोसेसमध्ये आहे' हे उत्तर म्हणजे 'नाही' असंच धरा.

• किंमत कार्पेट एरियावर काढा. 'सुपर बिल्टअप'चा आकडा ऐकून घेऊ नका.

• जुनं घर असेल तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र, थकीत मेंटेनन्स आणि सिडकोच्या हस्तांतरण शुल्काचा हिशोब आधी करा. हे शुल्क कोण भरणार ते करारात लिहून घ्या.

• कर्ज नको असेल तरी एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत कागद दाखवा. बँक त्या इमारतीला कर्ज देत नसेल तर तुम्हीही पैसे देऊ नका.

• शक्य असेल तर आधी अकरा महिने त्याच भागात भाड्याने राहा. पावसाळा, टँकर, रात्रीचा वास आणि सकाळी आठची लोकल, या चारही गोष्टी एका वर्षात कळतात.

थोडक्यात, नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात असेल, कागद स्वच्छ असतील आणि हप्त्यानंतरही श्वास घ्यायला जागा उरत असेल, तर तळवली-घणसोलीचा महाग भाव वसूल होतो. नोकरी फोर्टला असेल आणि घर फक्त 'पुढे भाव वाढेल' म्हणून घ्यायचं असेल, तर तेच पैसे रोजच्या दोन गाड्या बदलण्यात आणि वीस वर्षांच्या व्याजात जातात. आणि कागद नसलेलं घर कितीही स्वस्तात मिळालं, तरी दिघ्यातल्या लोकांना ते किती महाग पडलं, ते विसरू नका.