मैदान, दारू आणि शंभर मीटर

जामसांवलीच्या हनुमान मंदिराला जो शंभर मीटरचा नियम लागू आहे, तोच सौंसर-पांढुर्ण्याच्या कॉलेजांनाही. मध्य प्रदेशाने 2023 च्या धोरणात देवळे आणि शिक्षणसंस्थांपासून दारूदुकानाचे किमान अंतर 50 वरून 100 मीटर केले, दुकानालगत बसून पिण्याचे अहातेही बंद केले. म्हणजे दुकानात घ्या आणि चालू लागा. पण खेळाच्या दिवशी शंभर मीटर म्हणजे काय, दोन मिनिटांची चाल! खरा उपयोग होतो तो दुकान त्या दिवसापुरते बंद ठेवण्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव गोटमार खेळतात, मधल्या पळसाच्या झेंड्यासाठी दगड चालतात, तेव्हा प्रशासन हाच उपाय करते.

या बंदीविरुद्ध अमेरिकेचा दाखला दिला जातो. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने 2011 पासून फुटबॉल स्टेडियममध्ये बिअर विकायला सुरुवात केली आणि दारूपायी होणाऱ्या पोलिसी तक्रारी घटल्या. खरे आहे, पण त्याच वेळी तिथे मध्यंतरात बाहेर जाऊन पिऊन परत येण्याची मुभाही काढून घेतली होती. श्रेय एकट्या बिअरला कसे द्यायचे? शिवाय तिथे फाटक आहे, तिकीट आहे. नदीच्या पात्राला फाटक कुठून आणायचे? बंदीने चोरटी विक्री वाढते, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. लोक आदल्या दिवशीच बाटली आणून ठेवतात, हेही उघड आहे. म्हणून बंदी आदल्या संध्याकाळपासून हवी, आणि तपासणी दुकानाच्या शटरपेक्षा घाटाकडे येणाऱ्या वाटांवर.